ऐनवेळचा विषय

सभा अकराची. गणपूर्ती झाली पावणेएकला.
तोवर कूलरमधलं पाणी संपलं होतं
आणि चहा दोनदा येऊन गेला होता.
मी इतिवृत्ताची वही उघडून बसलो,
चौदा वर्षं बसतो तसा, समासाची रेघ ओढून.

मागील सभेचे इतिवृत्त कायम.
घंटागाडीचं डिझेल : चर्चा, चर्चा, तहकूब.
बसस्टँडमागचे सात गाळे : फेरलिलाव.
वॉर्ड नऊच्या ठवऱ्यांनी आवाज चढवला,
वॉर्ड तीनच्या बाईंनी तो उतरवला.

मग ऐनवेळचे विषय.
वॉलमन श्री. डोमाजी नंदेश्वर, आज सेवानिवृत्त. सत्कार करणे.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
खर्च रुपये सहाशे चाळीस. शीर्ष : किरकोळ.

डोमाजी सकाळपासून दाराशीच उभे.
इस्त्रीचा सदरा, पायात मात्र तीच रबरी चप्पल,
टाचेत चेंबरचा गाळ कायमचा मुरलेली.
नवतपा चालू, पारा सेहेचाळीसवर,
आणि कापगतेताईंनी त्यांच्या अंगावर लोकरी शाल घातली.
मानचिन्हावर छापून आलं होतं 'डोंगाजी'.
त्यांनी ते वाचलं,
एकदा अंगठ्यानं पुसून पाहिलं.

"दोन शब्द बोला," मुख्याधिकारी म्हणाले,
घड्याळाकडे बघत.
मी तर आधीच लिहून ठेवलं होतं :
सत्कारमूर्तींनी भावपूर्ण मनोगत व्यक्त केले.

"मले भाषन येत नाई जी.
पन नव्या पोराले एवढं सांगजा,
महादेवाच्या देवरामांगचा वाल उलटा फिरते.
बाकी सारे डावीकडं खुलतात, थो उजवीकडं.
कोष्टीपुऱ्याले पानी पयले सोडाव, तिकडं चढ आहे.
मंग पाटीलपुरा. उलटं केलं
का कोष्टीपुऱ्याच्या नळाले नुसती फुसफुस.
विहाराच्या कोन्यावर जुना बिडाचा पाइप आहे, दोन फुटावर.
जेसीबी घालाल त मले इचारजा.
तेवीस वाल आहेत जी. तुमच्या कागदावर सतरा."

इंजिनिअरनं मोबाइल उलटा ठेवला.

"अठरावा ठवरेभाऊच्या पोर्चखाली.
पोर्च मांगून झाला, वाल पयलेचा.
भिंतीच्या फटीतून चावी घालतो मी."
थांबले. "घालत होतो."

ठवऱ्यांनी कालचा पेपर उघडला
आणि पहिल्या पानावरच बराच वेळ राहिले.
पंख्याची कटकट ऐकू येऊ लागली.
मी भावपूर्ण मनोगतावर काट मारली,
काटेवर सही केली, नियमाप्रमाणे,
आणि खाली घातला अनुक्रमांक एक.

"एकोनिसावा सांगू का?" त्यांनी मलाच विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
कार्यालयात कुणी मला काही विचारून थांबलं होतं.
"सांगा," मी म्हटलं. "जरा हळू."

तेवीस झाले. नारळ घेतला.
जाताना भांडारात लोखंडी चावी जमा केली,
कमरेइतकी उंच, मूठ चांदीसारखी घासलेली.
पावती नीट घडी करून खिशात ठेवली,
मानचिन्ह विसरले. किंवा ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे
आमच्या कोष्टीपुऱ्यात नळ फुसफुसले.
बायका बोलू लागल्या, गुंड आदळू लागले.
रांगेत पाचवे डोमाजी,
हातात हिरवी बादली, शांत,
नळाकडे नाही, माझ्याकडे बघत.

मी घरात गेलो, शर्ट चढवला,
सायकल काढली.
ठराव क्रमांक एक्केचाळीस खिशात होता.
नवा पोरगा देवळामागे खड्ड्यात उतरून
सगळ्या ताकदीनं
वाल डावीकडे पिळत होता.